घरचा मीडिया सर्व्हर: जेलीफिन उबुंटू, विंडोज, मॅक आणि डॉकरवर कसा बसवायचा

जेलीफिन बसवायला दहा मिनिटं पुरतात. लोक अडतात ते त्यानंतर. डिस्क लावलेली असून लायब्ररी रिकामी का दिसते? वीज जाऊन आल्यावर टीव्हीला सर्व्हर का सापडत नाही? संगणक बदलला तर सगळं पहिल्यापासून करायचं का? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळी आहेत. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी मी तेच बघत जाणार आहे: सर्व्हर कोणाच्या नावाने चालतो, स्वतःचा डेटा कुठे ठेवतो आणि संगणक बंद होऊन सुरू झाला की आपला आपण उठतो का.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जेलीफिन घरातल्याच एका संगणकावर चालतो. हार्ड डिस्कवरचे चित्रपट, नाटकांची रेकॉर्डिंग, गाणी, लग्नामुंजीचे व्हिडिओ तो नीट लावून ठेवतो आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर दाखवतो. एम्बी नावाच्या सर्व्हरने २०१८ च्या शेवटी आपला कोड बंद केला, तेव्हा स्वयंसेवकांनी त्याच्या ३.५.२ या आवृत्तीवरून वेगळी वाट काढली. जेलीफिन तो हाच. पैसे लागत नाहीत, कुठल्या कंपनीकडे खातं काढावं लागत नाही आणि एकही सोय पैशांमागे अडवलेली नाही.

कोणता संगणक घ्यावा

नवीन काही विकत घेऊ नका. पडून असलेला लॅपटॉप बहुतेक घरांना पुरतो. फक्त त्यातला प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते बघा. टीव्हीला एखादी फाइल जशीच्या तशी वाजवता आली नाही की सर्व्हर ती चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून देतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो. व्हिडिओ साठवायच्या पद्धतींपैकी एच.२६४ त्याला दुसऱ्या पिढीपासून जमतं, एच.२६५ सहाव्या पिढीपासून आणि दहा बिटांचं एच.२६५ सातव्या पिढीपासून. तेव्हा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आय३ असलेला लॅपटॉप मिळाला तर डोळे झाकून घ्या.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर जेलीफिन चालतो, पण फाइल जशीच्या तशी वाजत असेल तरच. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा हार्डवेअर भागच ठेवलेला नाही, त्यामुळे ट्रान्सकोडिंगची वेळ आली की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळायला लागतं.

आता सिस्टिम कोणती? विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, म्हणून कितीतरी धडधाकट लॅपटॉप कपाटात गेले. असा लॅपटॉप सर्व्हर करायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्यावर उबुंटू ही लिनक्सची मोफत सिस्टिम टाका. ज्या संगणकावर घरातली रोजची कामंही होतात, तिथे मात्र विंडोज काढायच्या फंदात पडू नका.

बसवण्याआधी राउटरमध्ये एक काम उरकून घ्या. सर्व्हरच्या संगणकाला कायमचा पत्ता बांधून द्या. राउटरच्या डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असा पर्याय असतो. तिथे संगणकाचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ठरलेला क्रमांक) निवडून समजा १९२.१६८.१.२० हा पत्ता राखून ठेवा. हे केलं नाही तर राउटर रीस्टार्ट झाल्यावर पत्ता बदलू शकतो, आणि मग घरातले सगळे तुम्हालाच विचारत येतात.

उबुंटू आणि डेबियन

पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

जेलीफिनच्या अधिकृत संकेतस्थळावर डाउनलोडच्या पानावर उबुंटू आणि डेबियनसाठी एका ओळीची आज्ञा दिलेली आहे. ती तिथूनच कॉपी करा. कुठल्याशा व्हिडिओखालच्या वर्णनातून उचलू नका, कारण ही ओळ इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट आणून थेट प्रशासकाच्या अधिकाराने चालवते. स्क्रिप्ट तुमची आवृत्ती ओळखते, जेलीफिनची सही तपासायची किल्ली आणि भांडाराचा पत्ता सिस्टिमला सांगते आणि मग सर्व्हर, त्याचा वेब भाग आणि व्हिडिओचं रूपांतर करणारं, जेलीफिनने स्वतः बांधलेलं एफएफएमपेग अशी तिन्ही पॅकेजं बसवते. भांडार एकदा जोडलं गेलं की पुढचे अपडेट नेहमीच्या अ‍ॅप्ट अपडेट, अ‍ॅप्ट अपग्रेडमध्येच येतात.

संपलं की सुडो सिस्टिमसीटीएल स्टेटस जेलीफिन ही आज्ञा द्या. हिरव्या अक्षरात अ‍ॅक्टिव्ह, रनिंग असं दिसलं की सर्व्हर उठलेला आहे. आता घरातल्या मोबाइलवर ब्राउझर उघडून पत्ता, मग कोलनचं चिन्ह (:) आणि ८०९६ हा पोर्ट क्रमांक द्या. सुरुवातीला एचटीटीपी लिहायला विसरू नका. काही ब्राउझर आपणहून मागे एस जोडतात आणि पान उघडत नाही; दोष सर्व्हरचा नसतो. उबुंटूची फायरवॉल मुळात बंद असते. तुम्ही ती चालू केली असेल तर सुडो यूएफडब्ल्यू अलाव ८०९६ आणि पुढे तिरकी रेघ देऊन टीसीपी. फेडोरावर जेलीफिन आरपीएम फ्यूजनच्या भांडारातून मिळतो आणि तिथली फायरवॉल सुरुवातीपासून चालू असते, एवढाच फरक.

संगणक सुरू झाला की सेवा आपोआप सुरू होते, कोणी लॉगिन करण्याची वाट बघत नाही. उबुंटूची शिफारस करण्याचं माझं मुख्य कारण हेच. लॅपटॉप असेल तर आणखी एक बदल करावा लागतो, नाहीतर झाकण लावलं की तो झोपतो. ईटीसीमधल्या सिस्टिमडी फोल्डरात लॉगइनडी डॉट कॉन्फ ही फाइल आहे. तिच्यातल्या हँडल लिड स्विच या ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढून किंमत इग्नोर करा आणि रीस्टार्ट करा. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावा. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर तासाभराचं भारनियमन सर्व्हरला कळतही नाही, पण राउटर मात्र इन्व्हर्टरवर हवा.

रिकाम्या लायब्ररीचं कोडं

लिनक्सवर सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश.

तुम्ही यूएसबीची डिस्क लावता. उबुंटूच्या फाइल्समध्ये ती दिसते, व्हिडिओ चालतात. मग जेलीफिनमध्ये तोच फोल्डर जोडता, तो स्कॅन पूर्ण झाल्याचं सांगतो, आणि लायब्ररीत एकही चित्र नसतं. कारण जेलीफिन तुमच्या नावाने चालतच नाही. बसवताना सिस्टिमने त्याच्यासाठी जेलीफिन नावाचाच वेगळा वापरकर्ता तयार केलेला असतो. उबुंटू डेस्कटॉपवर आपोआप जोडली गेलेली डिस्क मीडिया फोल्डरात तुमच्या नावाखाली जाते, आणि त्या नावाच्या फोल्डरात शिरायची परवानगी फक्त तुम्हाला असते. जेलीफिन दाराशीच अडतो.

खात्री करून घ्यायला एक आज्ञा पुरते. सुडो, मग आडवी रेघ आणि यू, मग जेलीफिन, मग एलएस आणि डिस्कचा पूर्ण पत्ता. म्हणजे तुम्ही जेलीफिनच्या डोळ्यांनी तो फोल्डर बघता. परमिशन डिनाइड असं उत्तर आलं की रोग सापडला.

अनेक ठिकाणी यावर सगळ्या फोल्डरांना ७७७ परवानगी (म्हणजे कोणालाही वाचायची, बदलायची मुभा) देऊन टाका असा सल्ला मिळतो. तो देऊ नका आणि घेऊही नका. डिस्कसाठी कायमची जागा करा: एमएनटी फोल्डरात संग्रह अशा अर्थाचा एक रोमन नावाचा फोल्डर बनवा. सुडो बीएलकेआयडी ही आज्ञा दिली की डिस्कच्या प्रत्येक विभागाचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, दिसतो. आपल्या डिस्कचा उचलून ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ लिहा. यूयूआयडी, फोल्डरचा पत्ता, फाइल सिस्टिमचा प्रकार आणि पर्याय, या क्रमाने. पर्यायांत डीफॉल्ट्स आणि स्वल्पविरामानंतर नोफेल हे दोन्ही हवेत. नोफेल नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्क लावायची राहिली, तर उबुंटू सुरू होताना मध्येच इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो. ज्या सर्व्हरला पडदाच जोडलेला नाही तिथे हे शोधायला दुपार जाते.

डिस्क विंडोजवर वापरलेली, म्हणजे एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर तिच्यावर लिनक्सच्या परवानग्या नोंदवल्याच जात नाहीत. तिथे पर्यायांतच यूआयडी (मालक), जीआयडी (गट) आणि यूमास्क (परवानगी) देऊन फाइल्स कोणाच्या मानायच्या ते सांगावं लागतं. यूमास्क ००२२ दिला की मालक सोडून बाकीच्यांना फक्त वाचता येतं, आणि जेलीफिनला तेवढंच हवं. फाइल लिहून झाली की सुडो माउंट, आडवी रेघ, ए. चूक असेल तर इथेच कळते. मग मघाचीच आज्ञा नव्या पत्त्यावर पुन्हा चालवून बघा.

विंडोज

इंस्टॉलर उतरवा आणि चालवा. मध्ये तो विचारतो: बेसिक इन्स्टॉल की सर्व्हिस म्हणून इन्स्टॉल? बेसिकमध्ये जेलीफिन तुमच्याच नावाने चालतो आणि घड्याळाजवळ त्याचं चिन्ह दिसतं. तुम्हाला दिसणारं सगळं त्याला दिसतं, म्हणून वरचं रिकाम्या लायब्ररीचं कोडं इथे पडत नाही. मात्र तुम्ही लॉगिन करेपर्यंत तो सुरू होत नाही. रात्री अपडेटने संगणक रीस्टार्ट केला तर सकाळी तो लॉगिनच्या पडद्यावर नुसता बसलेला असतो. सर्व्हिस निवडली तर उलट: लॉगिनशिवाय उठतो, पण वेगळ्या खात्यावर चालत असल्यामुळे तुम्ही झेड वगैरे अक्षर देऊन जोडलेली नेटवर्क ड्राइव्ह त्याला दिसत नाही. फाइल्स त्याच संगणकात असतील आणि थोडी खटपट चालणार असेल तर सर्व्हिस घ्या, नाहीतर बेसिक.

पहिल्यांदा चालू करताना फायरवॉल परवानगी मागते, तेव्हा प्रायव्हेट नेटवर्कवर हो म्हणा. टीव्हीला सर्व्हर सापडत नसेल तर आधी घरचं वायफाय पब्लिक म्हणून नोंदलेलं नाही ना ते तपासा. बहुतेक वेळा तिथेच मेख असते. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप कधीच नाही असं करा. डेटा सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा, जेलीफिन, सर्व्हर इथे असतो. प्रोग्रॅमडेटा लपलेला फोल्डर आहे, म्हणून एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो.

मॅक

इथे फार काही नाही. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या आणि इंटेलच्या मॅकसाठी वेगवेगळ्या डीएमजी फाइल्स आहेत, आपली कोणती ते बघून उतरवा आणि अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ओढून टाका. मॅकने उघडायला नकार दिला तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली ओपन एनीवे असं बटण येतं. बाहेरची डिस्क वाचायची परवानगी विचारली की द्या. घाईत नाही म्हटलं असेल तर तीही त्याच पानावरून परत देता येते. लॉगिन आयटम्समध्ये जेलीफिन जोडा आणि पडदा बंद असताना आपोआप झोपू नये हा पर्याय लावा. विंडोजच्या बेसिकसारखंच इथेही लॉगिनशिवाय काही सुरू होत नाही.

डॉकर

डॉकर प्रत्येक प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो. लिनक्सवर आधीपासून डॉकर वापरत असाल तर जेलीफिनही त्यात छान बसतो. सिनॉलॉजीसारख्या नॅसवरही (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कपेटीवरही) कंटेनर हाच सुटसुटीत मार्ग. विंडोज किंवा मॅकवर मात्र डॉकरच्या वाटेला जाऊ नका. तिथे डॉकर एका आभासी यंत्राच्या आत चालतो, आणि मॅकवर तर ट्रान्सकोडिंगचं हार्डवेअर कंटेनरपर्यंत पोचतच नाही.

कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये तीन फोल्डर बाहेरून जोडायचे: कॉन्फिग, कॅशे आणि मीडिया. यातला कॉन्फिग जोडायचा राहिला तर सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं, आणि नव्या आवृत्तीसाठी कंटेनर पुन्हा बनवला की वापरकर्ते, लायब्ररी, कोणी कुठपर्यंत पाहिलं याच्या नोंदी, सगळं पुसलं जातं. मीडिया फक्त वाचण्यापुरता जोडा. इंटेलचं हार्डवेअर वापरायचं असेल तर डेव्हमधला डीआरआय हा फोल्डर डिव्हाइसेसखाली द्या आणि रेंडर गटाचा क्रमांक ग्रुप अ‍ॅडमध्ये. घरातल्या अ‍ॅपना सर्व्हर आपोआप सापडावा असं वाटत असेल तर नेटवर्क मोड होस्ट ठेवा.

पहिली मांडणी आणि फाइल्सची नावं

ब्राउझरमध्ये पहिल्यांदा उघडल्यावर भाषा, प्रशासकाचं नाव आणि पासवर्ड विचारला जातो. भाषांच्या यादीत मराठीही आहे, पण सर्व्हरचं पान इंग्रजीतच ठेवा, म्हणजे मदत शोधताना पर्यायांची नावं जुळतात. घरातल्या प्रत्येकासाठी नंतर वेगळं खातं काढा. आजीचं कीर्तन अर्ध्यावर आणि नातवाचं कार्टून अर्ध्यावर, दोन्ही आपापल्या जागी थांबतात.

चित्रपटांसाठी प्रत्येकी एक फोल्डर, त्याचं नाव आणि पुढे कंसात वर्ष. आतल्या फाइलचंही नाव तेच. जेलीफिन पोस्टर आणि माहिती टीएमडीबी या माहितीकोशातून आणतो. मराठी चित्रपटाचं नाव रोमनमध्ये चार प्रकारे लिहिता येतं, त्यामुळे भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटणं नित्याचं आहे. अशा वेळी टीएमडीबीवर जाऊन त्या चित्रपटाचा क्रमांक बघा आणि फोल्डरच्या नावाच्या शेवटी चौकटी कंसात टीएमडीबीआयडी, आडवी रेघ आणि तो क्रमांक लिहा. मग अंदाज करायचं कामच उरत नाही. देवनागरीतली नावं चालतात, फक्त लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपवायचं. नाटकांच्या लांबलचक फाइलनावांत कलाकारांची सगळी यादी घालायची सवय असते, ती इथे नडते.

नाटकं, कीर्तनं, घरचे समारंभ यांना चित्रपटांच्या लायब्ररीत घालू नका, नाहीतर काकांच्या लग्नाला कुठल्यातरी हॉलिवूडपटाचं पोस्टर लागेल. त्यांच्यासाठी होम व्हिडिओज अँड फोटोज हा वेगळा प्रकार आहे. वीसेक वर्षांपूर्वी लग्नाच्या व्हीसीडी मिळायच्या, त्यांच्यात एमपीईजीएव्ही फोल्डरात डीएटी फाइल असते. ती तशीच टाकण्याऐवजी हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममधून एमपी४ करून घ्या. मुळात चित्र ३५२ बाय २८८ चंच असतं, त्यामुळे आकार वाढवून काही मिळत नाही. पण आधी तबकडीवरून नक्कल उतरवा, कारण त्या चकत्या आता भराभर खराब होतायत.

ट्रान्सकोडिंग आणि देवनागरी सबटायटल

प्रोसेसरमधला ट्रान्सकोडिंगचा भाग वापरायची परवानगी जेलीफिनला द्यायला उबुंटूवर सुडो यूजरमॉड, आडवी रेघ एजी, रेंडर, जेलीफिन अशी आज्ञा देऊन सेवा रीस्टार्ट करा. मग डॅशबोर्डमधल्या प्लेबॅक, ट्रान्सकोडिंगमध्ये इंटेल क्यूएसव्ही निवडा आणि तुमच्या प्रोसेसरला जमणाऱ्या प्रकारांवरच खूण करा. सगळ्या चौकटींवर खुणा केल्या तर न जमणाऱ्या फाइलला सर्व्हर नुसती एरर देतो. मॅकवर व्हिडिओटूलबॉक्स निवडायचं.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर अक्षरसंच मिळत नाहीये. नोटो सॅन्स देवनागरीची फाइल एका फोल्डरात ठेवा आणि प्लेबॅकच्या पानावर फॉलबॅक फॉन्ट चालू करून तो फोल्डर दाखवा.

मोठ्या फोर-के फाइल अडखळत असतील तर केबलकडेही बघा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं. तिथे चांगलं पाच गिगाहर्ट्‌झ वायफाय केबलपेक्षा वेगवान ठरतं.

घराबाहेरून

राउटरमध्ये ८०९६ पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नका. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांवर ते चालणारही नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या) पत्त्यात सुरुवात १०० आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला तर तुम्हीही त्यातलेच. टेलस्केल हा वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालणारा उपाय घरगुती वापराला फुकट आहे. सर्व्हरवर आणि मोबाइलवर बसवा, दोन्हीकडे त्याच खात्याने शिरा. मग टेलस्केलने दिलेला पत्ता आणि ८०९६ एवढ्यावर पुण्यातलं बारसं जर्मनीतल्या मावशीला दिसतं. चित्र किती स्वच्छ दिसेल हे तुमच्या घरच्या अपलोडच्या वेगावर अवलंबून आहे.

अपडेट आणि बॅकअप

नवी मोठी आवृत्ती आली की पहिल्याच दिवशी उडी मारू नका. अपडेटमध्ये डेटाबेसची रचना बदलते आणि मागे जायचं म्हटलं तर जुन्या आवृत्तीला नवा डेटाबेस वाचता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १०.११ मध्ये तर सगळा डेटाबेस नव्या पद्धतीत हलवला गेला. संग्रह मोठा असेल तर अपडेटनंतरची पहिली सुरुवात बराच वेळ घेते, आणि काहीच होत नाही असं वाटून तेव्हा संगणक बंद करणं सगळ्यात वाईट. त्याच आवृत्तीपासून डॅशबोर्डमध्येच बॅकअपची सोय आली आहे.

त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर सेवा थांबवून फोल्डरची नक्कल घ्या. उबुंटूवर व्हारमधल्या लिबखालचा जेलीफिन आणि ईटीसीखालचा जेलीफिन, हे दोन्ही. विंडोजवर वर सांगितलेला सर्व्हर फोल्डर, मॅकवर लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमधला जेलीफिन, डॉकरवर कॉन्फिग. नक्कल सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवू नका. आणि हा बॅकअप फक्त नोंदींचा असतो, व्हिडिओंचा नाही. लग्नाच्या त्या एमपी४ फाइल्स दुसऱ्या डिस्कवर वेगळ्या उतरवून ठेवायच्या.